सहकारी गेल्यानंतर: त्याच्या मुलांसाठी कार्यालयाने काय करायचं, कसं आणि किती दिवस

नोकरीत असताना माणूस गेला की पहिल्या दिवशी सगळं कार्यालय लोटतं. दहाव्याला निम्मे येतात, तेराव्याला मोजके आणि वर्षश्राद्धाला दोघं-तिघं. यात कुणाची चूक नाही, ज्याला त्याला आपापले संसार आहेत. मुलांची अडचण मात्र उलट्या क्रमाने वाढते. पहिल्या महिन्यात घर माणसांनी भरलेलं असतं आणि हातात थोडेफार पैसे असतात. फी, क्लास, दहावी-बारावी, कॉलेजचा प्रवेश हे सगळं नंतर येतं. तेव्हा दारात कुणी नसतं.

म्हणून सहकाऱ्यांनी शोकसभेच्या हारापेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष द्यावं, कारण त्या फक्त कार्यालयाच्याच हातात असतात. एक म्हणजे कागद: कुठला फंड, कुठला विमा, कुठली कपात, हे घरी बहुधा कुणाला नीट माहीत नसतं. दुसरी म्हणजे त्या माणसाचा दिवस. सकाळी नऊ ते सहा तो कसा होता हे बायकोला आणि मुलांना ठाऊक नसतं, आपल्याला असतं. बाकी धीर द्यायला नातेवाईक आहेतच.

खाली सोयीसाठी ‘तो’ आणि ‘वहिनी’ असं लिहिलंय. गेलेली सहकारी बाई असेल आणि मागे नवरा असेल तर पैशांची कामं तीच, घरातली अडचण वेगळी. भाऊजींना मुलीची वेणी, डबा, शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप यातलं काही माहीत नसण्याची शक्यता असते, आणि ते मदत मागतही नाहीत. तिथे मैत्रिणींनी न विचारता पुढे व्हावं.

पहिले तेरा दिवस

आधी एक माणूस नेमा. साहेब नको, कारण साहेबांसमोर घरचे मोकळं बोलत नाहीत. सर्वांत जवळचा मित्रही नको, तो स्वतःच कोलमडलेला असतो. खिडकीवरच्या कारकुनाकडे चार वेळा जायला न कंटाळणारा, हिशेब लिहून ठेवणारा माणूस हवा. त्याच्या जोडीला एक महिला सहकारी असावी, म्हणजे वहिनींना सासर-माहेरच्या गर्दीतही कुणाशी तरी स्पष्ट बोलता येईल.

या माणसाचं पहिलं काम म्हणजे गर्दीला आवर घालणं. भेटायला तिघा-चौघांच्या तुकड्या कराव्यात. काय झालं, कधी झालं, दवाखान्यात कोण होतं, हे त्याने सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं. नाहीतर येणारा प्रत्येक जण सतरंजीवर बसला की विचारतो, “कसं झालं हो?” आणि ती बाई दिवसातून वीस वेळा तोच प्रसंग सांगत बसते. मुलं दाराआडून ऐकत असतात.

दुसरं काम रोख रकमेचं. दवाखान्याचं बिल, शववाहिका, दहाव्या-तेराव्याचा खर्च हे सगळं याच दिवसांत येतं. एटीएम कार्ड आणि पिन घरात असला तरी मृत्यूनंतर त्या खात्यातून पैसे काढू नयेत. पुढे वारसांमध्ये वाद झाला तर तेच अंगाशी येतं. शिल्लक पगार आणि रजेचे पैसे लवकर मिळवून देणं हा त्यावरचा सरळ उपाय. त्यासाठी लेखा विभागात कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बसावं लागतं, नुसत्या ईमेलने होत नाही.

सुतकात घरी चूल पेटत नसेल तर पिठलं-भात शेजारचे आणतात. कार्यालयाने मुलांचं पाहावं: शाळेत कळवणं, वर्गशिक्षिकांशी बोलणं, रिक्षावाल्या काकांना सांगणं, परीक्षा चालू असेल तर मुख्याध्यापकांना अर्ज देणं. मूल परत वर्गात जाईल त्याच्या आदल्या दिवशी शिक्षिकांना सगळं माहीत असायला हवं. नाहीतर पालकसभेच्या चिठ्ठीवर “बाबांची सही आण” असं कुणीतरी सहज म्हणून जातं.

आणि या तेरा दिवसांत कंपनीचा लॅपटॉप, ओळखपत्र, गणवेश, भिशीची बाकी यांतलं काहीही मागू नये. महिनाभराने मागितलं तरी कुणाचं अडत नाही.

दाखला, नावं आणि मोबाइल

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर ते कळवतात; घरी झाला असेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत घरच्यांनी कळवायचं असतं. दाखल्याच्या दहा-पंधरा प्रती एकदमच घ्या, कारण प्रत्येक ठिकाणी मूळ प्रत दाखवावी लागते आणि एखादी तिथेच राहते.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून नाव वाचा. आपल्याकडे खरी गोची नावांची होते. आधारवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, पीएफमध्ये आडनाव आधी, बँकेत नुसती आद्याक्षरं. त्यात वहिनींचं लग्नात नाव बदललेलं असेल तर शाळेच्या दाखल्यावर एक बाई आणि आधारवर दुसरी. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद शोधून ठेवा. दोन्हीपैकी काही नसेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून घ्या. पहिल्याच आठवड्यात हे केलं तर पुढच्या चार खिडक्यांवर हेलपाटे वाचतात.

गेलेल्या माणसाचं सिम बंद करू नका. बँक, पीएफ, वीज, गॅस, मुलांच्या शाळेचं ॲप, सगळ्यांचे संदेश त्याच क्रमांकावर येतात. निदान वर्षभर तो रिचार्ज करत राहा. हा खर्च सहकाऱ्यांनी उचलावा, कुणाच्या लक्षातही येत नाही असा तो असतो.

हक्काचे पैसे

वर्गणी गोळा करायच्या आधी हे करा. वर्गणीतून जे जमतं त्याच्या कितीतरी पट रक्कम कागदांत अडकलेली असते, आणि ती कुणाचे उपकार म्हणून मिळत नाही.

*भविष्य निर्वाह निधी.* पीएफच्या एका अर्जात तीन वेगळे हक्क येतात: जमा रक्कम, विमा आणि पेन्शन. पूर्वी त्यांचे अर्ज वेगळे होते (२०, ५-आयएफ आणि १०-डी), आता मृत्यूच्या प्रकरणांत एकत्रित अर्ज चालतो. त्याने हयातीत ऑनलाइन नामनिर्देशन केलं असेल तर वारसाला दावाही ऑनलाइन करता येतो. केलं नसेल तर कागदी अर्ज, त्यावर कंपनीची सही-शिक्का. ही सही अडू न देणं हे आपल्या नेमलेल्या माणसाचं काम.

इथे एक खाच आहे. लग्नाआधी आईवडिलांच्या नावे केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द ठरतं. खूप जणांनी नोकरीला लागताना फॉर्म भरलेला असतो तो तसाच राहतो. मग सासरे म्हणतात नाव माझं आहे, आणि कार्यालयातलेही माना डोलावतात. पीएफच्या बाबतीत तसं नसतं, एवढं शांतपणे सांगायला हवं.

*ईडीएलआय म्हणजे पीएफला जोडलेला विमा.* याचा हप्ता कंपनी भरते, कर्मचाऱ्याच्या पगारातून काही कापलं जात नाही, त्यामुळे घरी याचा पत्ताच नसतो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर कारण काहीही असो, ही रक्कम मिळते. हिशेब असा: महिन्याच्या सरासरी वेतनाची ३५ पट (वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरून), त्यात पीएफच्या सरासरी शिलकीच्या निम्मे (जास्तीत जास्त १,७५,००० रुपये). कमाल ७ लाख. वर्षभर सलग नोकरी झाली असेल तर किमान अडीच लाख. काही कंपन्या याऐवजी स्वतःचा गटविमा घेतात. तसं असेल तर पीएफ कार्यालयाकडे न जाता त्या विम्याचा दावा करायचा.

*पेन्शन.* पेन्शनसाठी दहा वर्षं नोकरी लागते हे खरं, पण ते निवृत्तीच्या पेन्शनला. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी कुटुंबाला पेन्शन मिळते. विधवेची पेन्शन दरमहा किमान १,००० रुपये. तिच्या २५ टक्के प्रत्येक मुलाला, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५व्या वर्षापर्यंत; मोठ्याचं वय संपलं की तिसऱ्याला सुरू होते. आईवडील दोघंही नसतील तर मुलांना प्रत्येकी विधवा-पेन्शनच्या ७५ टक्के. वहिनींनी पुढे लग्न केलं तर त्यांची पेन्शन थांबते, पण मुलांना या वाढीव दराने सुरू होते. रकमा लहान आहेत हे मान्य, तरी अर्ज भरताना मुलांची नावं, जन्मतारखा आणि बँक खाती त्यात आलीच पाहिजेत. घाईत नुसतं वहिनींचं नाव भरलं जातं आणि मुलांचा रकाना कोरा राहतो.

*ग्रॅच्युइटी.* “पाच वर्षं झाली नव्हती, मग मिळणार नाही,” असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट नाही. हिशेब साधा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. २६,००० रुपये आणि १२ वर्षं असतील तर १,८०,००० रुपये. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट. अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाचा हिस्सा असेल तर तो सरकारच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जमा होऊन मूल सज्ञान होईपर्यंत गुंतवला जातो. घरच्यांना हे पैसे अडकवून ठेवल्यासारखं वाटतं. मला ही तरतूद चांगली वाटते.

*ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा.* पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेले बहुतेक कामगार यात असतात. मृत्यू कामावरच्या अपघाताने झाला असेल तर अवलंबितांना वेतनाच्या सुमारे ९० टक्के रकमेतून दरमहा हिस्सा मिळतो, बायको आणि मुलं दोघांनाही. कामावर जाता-येताना रस्त्यात झालेला अपघातही यात बसू शकतो. औद्योगिक वसाहतीत दुचाकीवरचे अपघात किती होतात हे सांगायला नको. अशा वेळी पंचनामा, हजेरीचं रजिस्टर आणि पाळीची वेळ यांच्या प्रती त्याच आठवड्यात काढून ठेवा. अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत खर्चही मिळतो.

*बँकेतले छोटे विमे.* पासबुकात मे-जूनच्या सुमाराला ४३६ रुपयांची कपात दिसली तर ती जीवनज्योती विमा योजना, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. २० रुपयांची कपात दिसली तर सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख. घरात कुणाला आठवत नसतं. सगळ्या खात्यांची वर्षभराची नोंद काढून ओळ न् ओळ वाचा. डेबिट कार्डावरही अपघात विमा असतो, त्याला मुदत आणि अटी असतात, तेव्हा बँकेत विचारणा पहिल्या महिन्यातच व्हावी.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर घरचे दावा करायलाच घाबरतात. पीएफ, ईडीएलआय, पेन्शन, ग्रॅच्युइटी यांपैकी काहीही त्यामुळे थांबत नाही. खासगी आयुर्विम्यातही साधारण पहिल्या वर्षानंतर दावा मान्य होतो. हे त्यांना कुणीतरी हळू आवाजात, एकांतात सांगायला हवं.

सरकारी कार्यालय, जिल्हा परिषद, अनुदानित शाळा असेल तर कुटुंब निवृत्तिवेतन, गटविमा आणि अनुकंपा नियुक्ती हे विषय येतात. अनुकंपाच्या अर्जाला मुदत असते. आस्थापना शाखेतून चालू शासन निर्णयाची प्रत मागून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. मुलं लहान असतील तर सज्ञान झाल्यावर त्यांना अर्ज करता येतो, पण तेव्हा ती मुदत कुणाच्या डोक्यात राहत नाही. तारीख आत्ताच लिहून वहिनींच्या फायलीत लावा.

पतसंस्था, जामीनदार आणि भिशी

यावर कुणी लिहीत नाही, पण कार्यालयात कुजबुज होते ती याचीच.

कर्मचारी पतसंस्थेचं कर्ज असेल तर दोन सहकारी जामीनदार असतात. माणूस गेल्याच्या संध्याकाळपासून त्यांच्या पोटात गोळा असतो, आणि ते स्वाभाविक आहे. आधी संस्थेकडे लेखी विचारा: कर्जाला विमा होता का, मयत सभासदासाठी सहाय्य निधी आहे का, त्याचे भाग (शेअर) आणि ठेवी वजा जाता किती राहतं? बऱ्याच संस्थांच्या पोटनियमांत यासाठी काही ना काही सोय असते. उरलेल्या रकमेचं बोलणं नेमलेल्या माणसाने करावं. जामीनदाराने थेट घरी जाऊन विषय काढू नये, मुलांच्या देखत तर मुळीच नाही.

भिशी त्याने आधीच उचललेली असेल तर उरलेले हप्ते बाकीच्यांनी वाटून घ्यावेत. उचलली नसेल तर पुढची त्याच्या घरी द्यावी. उसने दिलेले पैसे लहानसहान असतील तर विसरावेत. मोठे असतील तर एकदाच, कागदावर, आकड्यासकट सांगावेत. आणि आपण त्याचे देणं लागत असू तर न मागता नेऊन द्यावेत. असं करणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्या इतकं वहिनींच्या लक्षात कुणी राहत नाही.

नॉमिनी आणि वारस

नॉमिनी म्हणजे मालक, असा समज पक्का आहे. बँकेच्या ठेवींत नॉमिनी हा वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा असतो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे (१९५६) पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांचे समान हिस्से. वडील त्या वर्गात नाहीत. म्हणजे पत्नी, दोन मुलं आणि आई असतील तर प्रत्येकी चौथा हिस्सा. बऱ्याच घरांत सासूबाईंचा हक्क वहिनींना माहीत नसतो आणि वहिनींचा सासूबाईंना.

मुलांच्या नावे आलेलं घर किंवा जमीन आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. “सही कर, गावची जमीन विकून मोकळे होऊ,” असं दिर किंवा चुलते म्हणाले तर वकिलाला विचारेपर्यंत थांबायचं. वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र लागलं तर ते दिवाणी न्यायालयातून मिळतं, महिने लागतात. सहकाऱ्यांनी घरच्या भांडणात बाजू घेऊ नये. वकील शोधून द्यावा, पहिली फी भरावी आणि बाहेर व्हावं. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना आणि मुलांना मोफत वकील देतं. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

निधी

आता वर्गणी. माझा अनुभव असा की ती कधीच कमी पडत नाही, तिचा हिशेब कमी पडतो.

एकाच्या वैयक्तिक खात्यावर क्यूआर लावून पैसे घेऊ नका. तिघांचं संयुक्त खातं काढा, दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं. किंवा त्याहून सोपं म्हणजे सगळ्यांनी थेट वहिनींच्या खात्यावर भरावं आणि नेमलेल्या माणसाने फक्त यादी ठेवावी. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. “बाईच्या हातात पैसे दिले तर दीर काढून घेईल” असं म्हणणारे भेटतात. कधी ते खरंही असतं. पण म्हणून कार्यालयाने तिचं पालकत्व घ्यायचं नसतं. काळजी वाटत असेल तर ठेव पावती मुलांच्या नावे करा आणि फी परस्पर शाळेत भरा.

कराचं लक्षात ठेवा. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम आली तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. वहिनींचं दुसरं उत्पन्न नसेल तर प्रत्यक्ष कर बहुधा शून्यच येतो, तरी विवरणपत्र भरावं. अज्ञान मुलाच्या ठेवीचं व्याज पालकाच्या उत्पन्नात मिळवलं जातं, हेही सीएला सांगा. मालकाने वारसांना दिलेली एकरकमी सानुग्रह मदत आणि विम्याचे पैसे हा वेगळा विषय, त्यांची गल्लत करू नका.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं काढता येतं: वर्षाला किमान २५०, कमाल दीड लाख, १५ वर्षं भरायचं. सहकाऱ्यांच्या गटाला हे सोयीचं पडतं, कारण दरवर्षी थोडं भरायचं असतं आणि मधल्या काळात सहजासहजी कुणाला हात लावता येत नाही. पण सगळे पैसे तिथे कोंबू नका. पुढच्या तीन वर्षांची फी हाताशी राहिली पाहिजे. एकदाच पाच हजार देणाऱ्या पन्नास जणांपेक्षा दरमहा पाचशे देणारे दहा जण मुलांच्या जास्त कामाला येतात.

मुलांचे रडवेले फोटो टाकून समाजमाध्यमांवर मदत मागू नका. तो फोटो त्यांच्या वर्गातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर पोचतोच.

सरकारी योजना

एक पालक गेलेल्या १८ वर्षांखालच्या मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, आता तिच्या नावात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. दरमहा एका मुलामागे २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात, निर्णय बालकल्याण समितीपुढे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे दरमहा ४,००० रुपये आहेत, पण उत्पन्नाची मर्यादा कडक: ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. कुठली योजना बसते ते त्याच कार्यालयात कळतं. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, कॅन्टीनमधला मुलगा यांच्या घरांना याची खरी गरज असते. कार्यालयाची वर्गणी नेमकी त्यांच्याच वेळी आटते, हेही बोलून टाकतो.

मुलांशी बोलताना

“बाबा परगावी गेलेत”, “झोपलेत”, “देवाला आवडले म्हणून घेऊन गेला” हे तिन्ही टाळा. पहिल्याने मूल वाट बघत राहतं, दुसऱ्याने झोपायला घाबरतं, तिसऱ्याने देवावर चिडतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे कळत नाही, ते पुन्हा पुन्हा विचारतं. दर वेळी तेच साधं उत्तर द्यायचं: बाबांचं शरीर खूप आजारी होतं, ते बंद पडलं, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही. शेवटचं वाक्य मोठं मूल असलं तरी सांगा. आदल्या दिवशी बाबांशी भांडलेला मुलगा ते मनात धरून बसलेला असतो.

“आता तूच घरातला कर्ता पुरुष,” असं बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मोडा. थोरल्या मुलीला “आईला सांभाळ हं” म्हणतात, तेही तसंच. त्यांना सांभाळायला मोठी माणसं आहेत, हे ऐकण्याची त्यांना गरज असते. मग दहाव्याला कावळा शिवला नाही तर “याचा जीव मुलांत अडकलाय” असं कुणीतरी बोलतं. तिथे सहकारी असतील तर त्यांनी मुलांना घेऊन नदीकाठी जरा बाजूला जावं.

खेळणारं मूल पाहून “याला काही वाटत नाही” असं म्हणू नका. मुलं दुःख तुकड्यांत करतात, पाच मिनिटं रडतात आणि क्रिकेटला जातात. पण कित्येक आठवडे जेवण-झोप बिघडली, शाळेत जायचंच नाही म्हणालं किंवा “मलाही बाबांकडे जायचंय” असं बोललं तर तज्ज्ञाला दाखवायला हवं. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

आठवणींची वही

शोकसभेत दोन मिनिटं स्तब्धता आणि “मनमिळाऊ, हसतमुख, सदैव मदतीला तत्पर” एवढं होतं. या तीन विशेषणांत कुठलाही माणूस बसतो. मुलांना पंधरा-सोळाव्या वर्षी प्रश्न पडतो की आपले बाबा नेमके कसे होते, आणि तोवर आईला सांगून सांगून तेच चार प्रसंग उरलेले असतात.

म्हणून पहिल्या दोन महिन्यांत, आठवण ताजी असताना, लिहून घ्या. “काहीतरी लिहा” म्हटलं की लोक पुन्हा विशेषणं लिहितात. नेमके प्रश्न द्या. डब्यात काय आणायचा आणि कुणाशी वाटून खायचा? मशीन बंद पडलं की पहिल्यांदा काय म्हणायचा? कशावरून चिडायचा? साहेबांशी कधी भांडला? मुलांबद्दल काय सांगायचा? हा शेवटचा प्रश्न प्रत्येकाला विचारा. मुलीला गणितात पैकीच्या पैकी मिळाल्याचं त्याने अख्ख्या पाळीला सांगितलं होतं, हे त्या मुलीला माहीत नसतं. वॉचमन, चहावाला, गेटवरचा ड्रायव्हर यांना लिहायचा कंटाळा असतो, त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मग उतरवा.

खोटं गोड लिहू नका. तो विसरभोळा होता, वेळेवर येत नव्हता, तर तसं यावं. जे मुलांपर्यंत पोचू नये ते नेमलेल्या माणसाने गाळावं, बाकी ठेवावं. वार्षिक संमेलनाचे व्हिडिओ, सहलीचे फोटो, त्याचा आवाज असलेले संदेश एका पेनड्राइव्हवर आणि एका ऑनलाइन फोल्डरमध्ये, दोन्हीकडे. आवाज फोटोपेक्षा आधी विसरतो, म्हणून तो आधी शोधा.

ड्रॉवरमधल्या वस्तू खोक्यात भरून सुरक्षारक्षकाच्या हाती पाठवू नयेत. चष्मा, कंगवा, डबा, काचेखालचा फोटो, अर्धवट भरलेली डायरी, सगळ्याची यादी करून दोघांनी नेऊन द्यावं. काय ठेवायचं, काय टाकायचं ते घरच्यांना ठरवू द्या. लॅपटॉप पुसण्याआधी त्यातले घरगुती फोटो काढून देण्याची लेखी परवानगी आयटी विभागाकडून घ्या.

तेराव्यानंतरची वर्षं

नेमलेल्या माणसाने मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये काही तारखा टाकाव्यात: जूनमधली शाळा, फीचे हप्ते, मुलांचे वाढदिवस, पहिली दिवाळी, वर्षश्राद्ध, दहावी-बारावीचे निकाल. फोन करताना “काही लागलं तर सांगा” म्हणू नये. असं म्हटल्यावर कुणीच काही सांगत नाही. “शनिवारी अकराला येतोय, पेन्शनचा हयातीचा दाखला करून टाकू,” असं म्हणावं. हा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, विसरला तर पेन्शन थांबते.

कार्यालयातल्या हळदीकुंकवाला, स्नेहसंमेलनाला, सहलीला वहिनींना आणि मुलांना पूर्वीसारखं बोलावत राहा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांबाबतच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो गाजला, शासनानेही इतर गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. शहरातल्या कार्यालयाला ठराव करावा लागत नाही, नुसतं नाव यादीत ठेवावं लागतं. येणं-न येणं त्यांच्यावर सोडा.

आठवी-नववीनंतर मुलांना एखादा काका किंवा मावशी वाटून द्यावी, म्हणजे एका मुलामागे एक सहकारी, शिक्षणाचं बोलायला. आयटीआय, डिप्लोमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीचा दाखला, अधिवास, अशा गोष्टी वडील करतात, आणि वडील नसले की प्रवेशाच्या आदल्या दिवशी लक्षात येतात. जातवैधता तर बारावीच्या आधीच सुरू करायची असते, आणि तिला वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने कागद लागतात. चुलत्यांशी संबंध बिघडायच्या आत ते मिळवून ठेवा.

निधीचा हिशेब दरवर्षी मार्चअखेर एका पानावर काढून देणाऱ्यांना आणि वहिनींना पाठवावा. नेमलेला माणूस बदली होऊन गेला किंवा निवृत्त झाला तर वही, पासबुक आणि तारखांची यादी दुसऱ्याकडे सही घेऊन सोपवावी. मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची झाली की ठेवीवरचं पालकाचं नाव काढून खातं त्यांच्या सहीचं करावं लागतं. बँक नवी सही, फोटो आणि केवायसी मागते. धाकट्याचं शिक्षण संपल्यावर काही रक्कम उरली तर ती कशासाठी वापरायची हे वहिनींना आणि मुलांना विचारून ठरवावं, आणि मग संयुक्त खातं बंद करून बँकेचं पत्र फायलीत लावावं.